पानाची डावी बाजू

डाव्या हाताला आपल्या मराठी भाषेनं कधीच बरी वागणूक दिली नाही. एखाद्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करायचं, तर आपण त्याला 'डावलतो'. दोन मुलांत किंवा दोन सुनांत फरक केला, की ते 'डावं-उजवं' झालं. दोघांत सरस कोण हे सांगायचं, तर तो 'उजवा'. मुलीचं लग्न लावून दिलं, की ती 'उजवली'. आणि एखादं काम फारच सोपं असलं, तर तो 'डाव्या हातचा मळ'! म्हणजे ज्या एका ठिकाणी बिचाऱ्याचं कौतुक व्हायचं, तिथंही त्याच्या वाट्याला मळच. पूजेनंतर एखाद्या पोरानं तीर्थासाठी डावा हात पुढे केला, की घरातल्या आजीची चापट त्याच्यावर अशी पडे, की हात एकच असला तरी डोळे दोन्ही भरून यावेत.

अपवाद एकच. पानाची डावी बाजू. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं ही सगळी मंडळी डावीकडे बसतात. पोट भरायचं काम उजवीकडच्या भाजीचं आणि आमटीचं. डाव्या बाजूनं कुणाचं पोट भरल्याचं ऐकिवात नाही. पण ती बाजू रिकामी ठेवून पंगत वाढून बघा! चार घासांत माणसं इकडेतिकडे बघायला लागतील. काय कमी आहे ते सांगता येणार नाही, पण काहीतरी कमी आहे एवढं प्रत्येकाला कळेल. जुन्या बायका सुगरणीची परीक्षा डाव्या बाजूवरूनच करत. भाजी काय, कुणालाही जमते.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे पियानो. मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिचा विजेवर चालणारा पियानो आमच्या बैठकीच्या खोलीत राहिला. काही दिवस त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जात. मग निवृत्त माणसाला रिकामा वेळ आणि रिकामं वाद्य ही दोन्ही एका खोलीत फार दिवस सोसवत नाहीत, या न्यायानं मी शिकवणी लावली. बाई मूळच्या गोव्याच्या, हयात गेली गिरगावात. शिस्त अशी, की त्यांच्यासमोर घड्याळानंही उशिरा वाजू नये.

उजव्या हाताचं काही अडलं नाही. तरुणपणी पेटीवर बोटं फिरवलेली होती, त्यामुळे चार-सहा दिवसांत एक जुनं भावगीत ओळखू येईल इतपत वाजायला लागलं. मी कौतुकाच्या अपेक्षेनं वर पाहिलं. बाई म्हणाल्या, "छान. पण हे अर्धंच झालं. डावा हात कुठाय?"

डावा हात होता की! मांडीवर होता. पेटीवर वाढलेल्या माणसाचा डावा हात पियानोपाशी बसला, की सरळ वाद्याच्या मागच्या अंगाला जातो आणि भाता शोधतो. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. पियानोला भाता नसतो हे डोक्याला ठाऊक असतं. हाताला कोण सांगणार?

बाईंनी माझ्या वहीत चार ओळी लिहून दिल्या. त्यांनी त्या सी-ई-जी अशा लिहिल्या, मी घरी येऊन त्यांचं सा-ग-प केलं. पहिली: सा, ग, प तिन्ही एकदम दाबायचे आणि धरून ठेवायचे. दुसरी: तेच तीन स्वर एकामागून एक, जिना चढल्यासारखे. तिसरी: आधी खालचा सा एकटा, मग ग-प जोडीनं दोनदा. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, म्हणजे झाला वॉल्ट्‌झ नाच. चौथी: सा प ग प, सा प ग प. सगळ्यात खालचा, सगळ्यात वरचा, मधला, पुन्हा वरचा. "आणि हा अल्बर्टी," बाई म्हणाल्या, जसं काही शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसाची ओळख करून द्यावी. मी विचारलं, "हा कोण?" बाई म्हणाल्या, "ते नंतर. आधी वाजवा." मी वाजवत राहिलो, पण रात्री पुस्तकं काढून बसलो. आणि बघतो तर काय, डाव्या हाताची अख्खी बखर निघाली!

त्या बखरीतलं पहिलंच पान मला चकित करून गेलं. युरोपात एके काळी डावा हात राजा होता. इ. स. १६०० च्या सुमारास इटलीत एक पद्धत सुरू झाली आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं ती सगळ्या युरोपभर चालली. गाणाऱ्याच्या किंवा व्हायोलिनवाल्याच्या साथीला जो वादक हार्पसिकॉर्डवर किंवा ऑर्गनवर बसे, त्याच्यासाठी रचनाकार फक्त एकच ओळ लिहून देई, ती म्हणजे खालच्या स्वरांची, डाव्या हाताची. तिच्याजवळ बारीक आकडे मांडलेले असत. इथे ६, तिथे ७. त्या आकड्यांवरून वरचे कोणते स्वर जोडायचे, ते उजव्या हातानं जागच्या जागी ओळखून घ्यायचं. म्हणजे कागदावर हुकूम डाव्याचा आणि तो वाचून कामाला लागणारा कारकून उजवा! ही गोष्ट आमच्या आजीच्या कानावर गेली असती, तर तिनं सगळ्या इटलीला चापट मारली असती.

पुढे बाखनं आपल्या थोरल्या मुलाला शिकवण्यासाठी लहान लहान तुकडे रचले आणि १७२३ साली त्यांची स्वच्छ प्रत तयार केली. तीत दोन्ही हातांना समान हक्क दिले. उजवा जे बोलेल तेच डावा थोड्या वेळानं बोलतो, मग डावा नवं काही काढतो आणि उजव्याला ते म्हणावं लागतं. दोन शहाण्या भावांचं भांडण असावं तसं. ऐकायला सुंदर, वाजवायला जीवघेणं. एवढी समता माणसांना सोसत नाही, तशी ती श्रोत्यांनाही फार दिवस सोसली नाही. बाखच्या हयातीतच हवा पालटली. लोकांना एकच चाल हवी झाली, गोड आणि गुणगुणता येण्यासारखी, आणि बाकी सगळ्यांनी तिच्यामागे अदबीनं उभं राहावं असं वाटू लागलं. ती चाल उजव्या हाताकडे गेली. डाव्या हाताचं राज्य खालसा झालं.

नेमक्या या वेळी आमचे अल्बर्टी येतात. डोमेनिको अल्बर्टी. १७१० च्या सुमारास व्हेनिसमध्ये जन्मलेला गृहस्थ. पोटापाण्यासाठी गाणारा नव्हे, हौसेनं गाणारा. व्हेनिसच्या वकिलाबरोबर तो स्पेनला गेला. तिथं त्या काळचा सर्वांत नामांकित गायक फारिनेली त्याचं गाणं ऐकून म्हणाला, की हा हौशी आहे तेच बरं, नाहीतर मला जड गेलं असतं, असं सांगतात. अल्बर्टी स्वतः गाई आणि स्वतःच हार्पसिकॉर्डवर साथ करी. आता स्वतः गाणाऱ्याला साथ कशी हवी? धरून ठेवणारी, पण मध्ये मध्ये न बोलणारी. हार्पसिकॉर्डची अडचण अशी, की तिची तार टोचली की आवाज निघतो आणि लगेच विझू लागतो. तीन स्वर एकदम दाबून ठेवले, तर गाणाऱ्याचा दम टिकतो पण साथीचा टिकत नाही. म्हणून तेच तीन स्वर सुटे करून फिरवत राहायचे, सा प ग प. विझायच्या आत पुन्हा फुंकर. चूल पेटती ठेवायची तीच युक्ती.

ही युक्ती त्यानंच पहिल्यांदा काढली असं नाही, पण त्यानं ती इतकी वापरली, की नाव त्याचं पडलं. तो १७४६ साली रोममध्ये वारला. त्याच्या रचनांचं काय झालं? त्याचा एक शिष्य, जुझेप्पे योत्सी नावाचा गायक, लंडनमध्ये त्या स्वतःच्या म्हणून खपवत होता! पुढे १७४८ साली त्या अल्बर्टीच्या नावानं लंडनमध्येच छापल्या गेल्या. आज त्याचं गाणं कुणाला आठवत नाही, त्याच्या रचना क्वचितच कुणी वाजवतो. पण जगात जिथं जिथं एखादं पोर पियानोसमोर बसतं, तिथं तिथं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्याचं नाव निघतं. गाणारा गेला, गाणं गेलं, उरली ती साथ. एवढ्यावरच एखादं कीर्तन रंगेल.

मोट्‌झार्टनं १७८८ साली नवशिक्यांसाठी म्हणून एक छोटा सोनाटा लिहिला. छापला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर, १८०५ मध्ये. आज पियानो शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाटेत तो येतोच. त्याची सुरुवातच डाव्या हाताच्या सा प ग प नं होते आणि उजव्या हाताची चाल त्याच्यावर अशी तरंगते, की ऐकणाऱ्याला फक्त तीच ऐकू येते. मात्र हा गृहस्थ डाव्या हाताला नुसता हमाल समजत नव्हता. १७७७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं वडिलांना लिहिलेल्या पत्रात लोकांच्या एका आश्चर्याची गंमत सांगितली आहे. संथ तुकड्यात आपला उजवा हात लयीत थोडा मागेपुढे रेंगाळतो, पण डाव्याला त्याचा पत्ताही नसतो, तो आपल्या लयीत चालत राहतो. आणि हे कसं होतं तेच लोकांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे ठुमरी गाणाऱ्यांना आणि त्यांच्या तबलजींना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. गाणारा हवा तिथं भटकून येतो, कारण ठेका घरी दिवा लावून बसलेला असतो.

पियानोचं घराणं एव्हाना जमलं होतं. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या क्रिस्तोफोरी या कारागिरानं १७०० च्या सुमारास ते वाद्य पहिल्यांदा बनवलं. तारा टोचायच्या ऐवजी हातोडीनं मारायच्या, म्हणजे बोट हळू तर आवाज हळू. त्याचा १७२० सालचा एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अजून आहे. मात्र डाव्या हाताचं खरं नशीब उघडलं ते पायामुळे. पियानोचा पेडल दाबला, की बोट उचललं तरी स्वर घुमत राहतो. मग डाव्या हाताला एका जागी बसून राहायची गरज उरली नाही. खाली जाऊन सा वाजवावा, तो घुमत ठेवावा आणि तोवर वर जाऊन ग आणि प घेऊन यावेत.

याचा फायदा उठवला डब्लिनच्या जॉन फील्डनं. त्याचा उमेदवारीचा काळ लंडनमध्ये क्लेमेंटी या वादक-व्यापाऱ्याच्या पियानोच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक आलं, की यानं वाजवून दाखवायचं. गिऱ्हाइकाला पियानोचा आवाज किती घुमतो हे ऐकवायचं असेल, तर त्याहून चांगली शाळा कोणती? १८०२ मध्ये मालकानं त्याला रशियाला नेलं, तो तिथंच राहिला. १८१२ पासून त्याच्या 'नॉक्टर्न' नावाच्या रात्रीच्या रचना छापून येऊ लागल्या. डावा हात खालून वर लांब लाटा सोडतोय आणि उजवा त्यांच्यावर एकटाच गातोय. शोपँनं पुढे हीच वाट धरली आणि अजरामर केली. आणि हा शोपँ, ज्याची उजव्या हाताची नक्षी ऐकून माणसं आजही डोळे मिटतात, तो शिष्यांना काय सांगे? डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक आहे, त्यानं लय सोडायची नाही. नाजूक प्रकृतीच्या या कवीच्या पियानोवर लय मोजायचं टकटक यंत्र कायम ठेवलेलं असे, असं त्याच्या एका शिष्यानं नोंदवून ठेवलं आहे. सैल सोडायचं असेल, तर आधी काहीतरी घट्ट बांधलेलं लागतं.

इथवरची कथा राजवाड्यांची आणि दिवाणखान्यांची झाली. पुढचं पान न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं, आणि त्यात घरभाड्याचा प्रश्न आहे. त्यामुळे मुंबईकरानं ते जरा सावरून बसून वाचावं.

१८९९ साली स्कॉट जॉप्लिनचा 'मेपल लीफ रॅग' प्रसिद्ध झाला. त्यात डावा हात पलटणीच्या बँडसारखा डावा-उजवा, डावा-उजवा चालतो आणि उजवा त्याच्या पावलांच्या मधल्या फटींत उड्या मारतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत हार्लेमच्या कृष्णवर्णीय वादकांनी या चालीला वेग दिला आणि तिला नाव पडलं 'स्ट्राइड', म्हणजे ढांग. डावा हात मंद्रातला एक स्वर हाणतो, पुढच्याच मात्रेला दीड-दोन सप्तकं ओलांडून मधला गुच्छ पकडतो आणि परत खाली. न बघता! हे सर्कशीतलं काम करायची गरज का पडली? हार्लेममध्ये काळ्या भाडेकरूंकडून भरमसाट भाडं घेतलं जाई. महिनाअखेर पैसे पुरले नाहीत, की लोक घरातलं सामान बाजूला सारून नाचगाण्याची मैफल ठेवत, दारात थोडे पैसे घेत आणि जमलेल्या रकमेतून भाडं देत. अशा घरात बँड कुठून आणणार? एक पियानो आणि एक पियानोवाला. मग बासवालाही तोच आणि ढोलवालाही तोच. ही दोन्ही माणसं डाव्या हातात राहत. डावा हात थकला, तर नाच थांबणार. नाच थांबला, तर माणसं घरी जाणार. आणि माणसं गेली, तर पहिल्या तारखेला घरमालक दारात! साथीला एवढं मोल जगात दुसरीकडे क्वचितच आलं असेल.

या मंडळींचा म्होरक्या जेम्स पी. जॉन्सन. त्याची 'कॅरोलायना शाउट' ही रचना म्हणजे तिथल्या वादकांची परीक्षाच. १९२१ मध्ये तिची तबकडी निघाली. त्या काळी आपोआप वाजणारे पियानो असत. भोकं पाडलेली कागदी गुंडाळी आत घातली, की पट्ट्या आपल्या आपण खाली जात. तरुणपणी ड्यूक एलिंग्टननं काय केलं, तर या रचनेची गुंडाळी यंत्रावर अगदी सावकाश फिरवली आणि खाली जाणाऱ्या प्रत्येक पट्टीवर आपली बोटं ठेवत ती शिकून घेतली. गुरू समोर नाही, गुरूची बोटं दिसत नाहीत, नुसत्या पट्ट्या खाली-वर होताहेत. एकलव्याकडे निदान मूर्ती तरी होती!

आता मधल्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं, ते बघू. १८४२ साली पॅरिसमध्ये देबँ नावाच्या गृहस्थानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायानं हवा भरायची पेटी. दोन्ही हात मोकळे. ती हिंदुस्थानात आली आणि तिला पहिला प्रश्न पडला, की इथं माणसं खाली मांडी घालून बसतात, मग पाय कुठून आणणार? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात पेटीला हातभाता लागला. द्वारकानाथ घोष यांचं नाव या बदलाशी जोडलं जातं. पेटी मांडीपुढे आली, खांद्यावरून देवळात गेली, भजनी मंडळात शिरली. या सगळ्या सोयीची किंमत एकट्या डाव्या हातानं मोजली. त्याच्याकडे स्वर राहिला नाही, नुसती हवा राहिली.

तसं पाहिलं तर आपल्या संगीतात त्याचं काही अडलेलं नव्हतं. आपल्याला स्वरांचे गुच्छ लागतच नाहीत. मागे तंबोरा सा आणि प धरून बसलेला असला, की झालं. शिवाय सतारीवर आणि व्हायोलिनवर स्वर काढायचं काम डाव्याचंच. तबल्याच्या जोडीत तर त्याच्या नावाचं वाद्यच आहे. डग्ग्याला 'बायाँ' म्हणतात आणि घुमारा त्यातूनच येतो. संगीत नाटकांतल्या पायपेटीवर आणि ऑर्गनवर डावा हात मोकळा होता, पण तिथंही पुष्कळदा तो उजव्याचीच चाल एक सप्तक खाली गिरवण्यात समाधान मानी. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती पुढे तीसएक वर्षं राहिली. तेव्हा तर दोन्ही हात सारखेच बेकार झाले.

पेटीच्या डाव्या हाताला मी 'नुसती हवा' म्हटलं खरं, पण ते पुरतं बरोबर नाही. आमच्या वाड्यात एक पेटीवाले काका होते. हयातभर साथ केली, एकटे कधी वाजवले नाहीत. त्यांच्यासारख्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेत अगदी तळाशी, 'साथसंगत' या शब्दापुढे, बारीक टायपात यायची. आणि जागा कमी पडली, तर पहिल्यांदा तीच गळायची. हे काका म्हणायचे, "बोटं काय, कुणाचीही फिरतात. गाणारा दम घेतो तेव्हा भात्यानंही घ्यायला हवा." गाणारी व्यक्ती थकलेली असली, की त्यांचा भाता किंचित भरून येई. ऐकणाऱ्यांना वाटे, आज काय आवाज लागलाय! काका खाली बघून पुढचा स्वर धरत.

डाव्या हाताला गुच्छांचं शिक्षण आपल्या इथं मिळालं ते गोव्यात. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. तिथली मुलं पुढे मुंबईत आली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे जे स्वरांचं भरगच्च कापड दिसतं, त्याची वीण सेबास्टियन डिसूझांसारख्या गोवेकरांची. 'अंदाज' (१९४९) किंवा 'संगम' (१९६४) मध्ये नायक पियानोपाशी बसून गातो, तेव्हा आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. नायक दिसतो, गायक ओळखू येतो, संगीतकाराचं नाव पाठ असतं. पियानो खरोखर वाजवणारा डावा हात कुणाचा होता, हे पडद्यावर लिहायची तेव्हा पद्धत नव्हती.

बखरीतलं शेवटचं पान व्हिएन्नाचं. पाउल विट्‌गेनश्टाइन हा तिथल्या एका धनाढ्य घरातला पियानोवादक. तत्त्वज्ञ लुडविग हा त्याचा धाकटा भाऊ. पाउलनं १९१३ च्या डिसेंबरात पहिली जाहीर मैफल केली आणि १९१४ मध्ये महायुद्धात रशियन आघाडीवर त्याचा उजवा हात गेला. युद्धकैदी म्हणून त्याची रवानगी सैबेरियात ओम्स्कला झाली. तिथं पियानो नव्हता. त्यानं एका रिकाम्या खोक्यावर कोळशानं पट्ट्या काढल्या आणि डाव्या हातानं त्या न वाजणाऱ्या पट्ट्यांवर तो रोज तासन्‌तास सराव करू लागला. सुटून आल्यावर त्यानं मोठमोठ्या संगीतकारांकडून एका डाव्या हातासाठी रचना लिहवून घेतल्या. रॅव्हेलनं लिहिलेला कन्सर्टो त्यानं ५ जानेवारी १९३२ रोजी व्हिएन्नात वाजवला, आपल्या मर्जीनं त्यात फेरफार करून! रॅव्हेल संतापला, दोघांचं वाजलं ते वाजलंच. प्रोकोफिएव्हनं १९३१ मध्ये लिहून दिलेला कन्सर्टो तर त्यानं वाजवलाच नाही. तो पंचवीस वर्षं पडून राहिला आणि १९५६ साली बर्लिनमध्ये झीगफ्रीड राप यानं पहिल्यांदा वाजवला. रापचा उजवा हात दुसऱ्या महायुद्धात गेला होता.

रॅव्हेलची ती रचना डोळे मिटून ऐकली, तर एकच हात वाजतोय यावर विश्वास बसत नाही. यातली मेख मला बाईंनी समजावून दिली. त्यांनी माझा डावा पंजा पट्ट्यांवर ठेवला आणि विचारलं, "सगळ्यात वरच्या स्वरावर कुठलं बोट आलं?" अंगठा! उजव्या हातात वरचा स्वर, म्हणजे चाल, करंगळीकडे नाहीतर अनामिकेकडे जाते. डाव्या हातात ती सगळ्यात बळकट बोटाकडे येते. खालची चार बोटं साथ करतात आणि अंगठा गातो. म्हणजे इतकी शतकं जो मागे उभा होता, त्याच्याकडे गायचं सगळं सामान पहिल्यापासून होतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

मग बाईंनी गृहपाठ दिला. उजवा हात मांडीवर ठेवायचा आणि नुसत्या डाव्यानं अख्खं भावगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं. चाल नाही, शब्द नाहीत, सा प ग प आणि त्याची भावंडं. मी म्हटलं, यात ऐकण्यासारखं काय राहिलं? पण दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. आमची ही स्वयंपाकघरात नारळ खवत होती. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं आणि खवणीचा आवाज थांबला. पियानोच्या आवाजात एक दुसरा आवाज मिसळला. लग्नाआधी ही गात असे, हे मी तिच्या माहेरच्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलेलं. चाळीस वर्षांत तिचं गाणं मात्र ऐकलं नव्हतं. मी मान वळवली नाही. वळवली असती, तर ती थांबली असती. अंतऱ्यावर तिनं जरा जास्तच वेळ काढला, मी सा प ग प करत थांबलो. ती परत आली, मी पुढे निघालो. गाणं संपल्यावर आतून एवढंच आलं, "अहो, शेवटी घाई केलीत."

"अगं, पुन्हा घेऊ या की," मी म्हटलं. खवणी पुन्हा सुरू झाली होती, पण मी सुरुवातीचे स्वर लावल्यावर ती परत थांबली.

तेव्हा कुणी पियानो शिकायला निघालंच असेल, तर त्याला माझं सांगणं एवढंच. डाव्या हाताला त्याचा अभ्यास इतका सावकाश करू द्या, की पुढे त्याच्याकडे बघावं लागू नये. आधी तिन्ही स्वर धरून, मग सुटे, मग वॉल्ट्‌झ, मग अल्बर्टी. ढांगा टाकायची घाई नको. घरमालक दारात आला, की त्या आपोआप जमतात. आणि पियानो शिकायचा नसेल, तर तेही ठीक. फक्त पुढच्या मैफलीत कार्यक्रमपत्रिका हातात पडली, की ती एकदा तळापासून वाचायला लागा.